योगराजची तिथी

शटर पडलं तेव्हा हर्षा दोडके निवडत होती. कापडवाल्याच्या दुकानाचं जुनं शटर, त्याची स्प्रिंग तुटली असावी, धाडकन खाली आलं आणि सगळ्या बाजारानं एकदा मान वळवली. हातगाडीवाल्यानं तराजू हातात तसाच धरून 'क्या हुआ रे' विचारलं, कुणी तरी 'कुछ नहीं, शटर गिरा' म्हटलं, आणि बाजार पुन्हा सुरू झाला. एवढ्या वेळात हर्षा कुठं होती, तर हातगाडीच्या खाली. गुडघे चिखलात, हनुवटी छातीला टेकलेली, आणि डावा हात शेजारच्या एका अनोळखी बाईच्या डोक्यावर. नुसता ठेवलेला नव्हता. तिनं त्या बाईचं डोकं दाबून खाली आणलं होतं आणि अजून दाबूनच धरलं होतं. "अरे दीदी, छोडो ना, बाल खिंच रहे हैं," बाई म्हणाली, तेव्हा कुठं तिला आपला हात दिसला. तिनं तो काढून घेतला. हातगाडीवाला हसला, बाईही हसली, मग हर्षाही हसली, कारण अशा वेळी न हसणारी बाई लोकांच्या फार लक्षात राहते. साडीला लागलेला चिखल तिनं पिशवीनं पुसला, दोडके घेतले, एक किडका निघाला तो परत दिला. घराकडे वळेपर्यंत तिला काही वाटलं नाही. मग रेल्वेच्या पुलाखाली आल्यावर ती एका बंद पानठेल्याला टेकून उभी राहिली.

ही सवय तिची नव्हती. ती योगराजची होती. नवरा म्हणून तो मिळाला तेव्हाच ती त्याच्याबरोबर आली होती, जशी फौजेतली लोखंडी पेटी आली, हिरवं ब्लँकेट आलं. कुठं काही मोठं वाजलं की त्याचा हात आधी हर्षाच्या डोक्यावर यायचा आणि मग तो स्वतः खाली वाकायचा. बालाघाट रोडवर ट्रकचा टायर फुटला तेव्हा, गोरेगावला तिच्या माहेरच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा. भर मांडवात, सगळ्या बायकांसमोर, त्यानं तिला असं दाबून खुर्चीखाली घातलं होतं की तिची वेणी सुटली, गजरा पायाखाली गेला. त्या दिवशी तिला त्याचा राग आला होता, भयंकर राग. माहेरच्या बायकांनी 'लई जीव हाय वं नवऱ्याचा' म्हणून तिला महिनाभर चिडवलं होतं. त्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली. कपडे वाटून टाकले, बूट दिराला दिले, पेटीत आता उरलेले फॉल आणि अस्तरं असतात. माणूस गेला की त्याच्या सवयीही जातात असं तिनं धरून चाललं होतं. आणि ही एक सवय अकरा वर्षं तिच्याच डाव्या हातात बसून होती, न बोलता, भाडं न देता.

हर्षाचं पिको-फॉलचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दुपारी ती मशीनवर बसली आणि नेहमीप्रमाणे तिच्या तोंडून गेलं, "मशीन लावते." घरात कुणी नव्हतं. मुलगी रेणू नागपूरला नर्सिंगला आहे, ती दिवाळीशिवाय येत नाही. पण मशीन सुरू करण्याआधी सांगायचं, कुकर लावला की शिटी व्हायच्या आधी सांगायचं, दार आपटेल असं वारं असलं की आधी कडी लावायची, हे सगळं तिच्या अंगात होतं आणि त्याचं तिला आजवर काही वाटलं नव्हतं. गिऱ्हाइकं हसायची. एखादी म्हणायची, "कुणाला सांगता हो?" ती म्हणायची, "मशीनलाच." आज मात्र ती सुईत दोरा न ओवता बसून राहिली. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. परवाच्या चौकोनात सर्वपित्री अमावास्या. परवा तिला सासरी जायचं होतं, आमगावच्या पुढं. पंधरवड्याच्या सुरुवातीला देवानंदचा, धाकट्या दिराचा, फोन आला होता. तो म्हणाला, "वहिनी, यंदा भाऊची सष्टीले वेगडी नाई करत. मिलमध्ये सुट्टी भेटून नाई राहिली, बाबाचंही होत नाई आता. अमावस्येले साऱ्यायची होतेच, त्यातच भाऊची करून टाकू." ती म्हणाली होती, "बरं." बहुतेक गोष्टींना ती बरंच म्हणते. षष्ठी आली नि गेली, तिनं त्या दिवशी आठ साड्यांना फॉल लावले. माणूस मेल्यावर काही वर्षं त्याची तिथी स्वतंत्र राहते, मग तो हळूहळू इतरांत मिसळतो, आजे-पणजे-चुलते यांच्या गर्दीत एक होतो. त्यात कुणाचा दोष नसतो. घरातली माणसं थकतात.

पण परवाच्या अलीकडे उद्याचा चौकोन होता, आणि त्यात बारीक अक्षरात छापलं होतं, शस्त्रादिहत पितृश्राद्ध. दरवर्षी छापलेलं असणार. तिनं आज वाचलं. गावात त्याला घातवाल्यांची चौदस म्हणत. तिच्या सासरी चौदस म्हटली की लोक आवाज खाली आणत. टिकारामच्या सुनेची चौदस, कारण तिनं फवारणीचं औषध प्यायलं होतं. तळ्यात बुडालेल्याची चौदस, मोहाच्या झाडाला फास लावून घेतलेल्याची चौदस. ज्यांना मरण घरच्या वाटेनं आलं नाही, ते सगळे या एका दिवशी जेवायला यायचे. हत्यारानं मेलेल्यांचाही हाच दिवस, म्हणजे खरं तर आधी त्यांचाच, पण गावात हत्यारानं मेलेलं कुणी आठवणीत नव्हतं, म्हणून ते सगळे विसरले होते. हर्षा चौकोनाकडे बघत राहिली. तिच्या मनात पहिल्यांदा, अगदी साधेपणानं, हिशेब लावल्यासारखं आलं की योगराजला लढाईनं मारलं आहे आणि आपण अकरा वर्षं त्याला चुकीच्या दिवशी जेवायला बोलावतो आहोत.

तिनं लढाईच्या आधीचा योगराज पाहिलाच नव्हता. कारगिल झालं नव्व्याण्णवला आणि लग्न झालं दोन हजार एकला. सासू सांगायची तो योगराज वेगळा होता. तो मंडईच्या जत्रेत, दंडारीत बाईचं सोंग घेऊन नाचायचा, लोकांना इतकं हसवायचा की म्हाताऱ्या पदर तोंडात धरायच्या. सासूच्या सांगण्यातल्या त्या माणसाचा हर्षाला हेवा वाटायचा, जसा सवतीचा वाटावा. तिला मिळाला तो जेवताना दाराकडे तोंड करून बसणारा. खोलीत शिरला की आधी माणसं मोजणारा. सुट्टीवर आला की पहिले चार दिवस बरा असायचा, मग त्याचे डोळे लाल व्हायला लागायचे. तो झोपायचा नाही. झोपलाच तर दाराशी, आडवा, आणि त्याला उठवायचं झालं तर पायाच्या बाजूनं, लांबून नाव घेऊन उठवायचं, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात एक दणका खाऊन कळलं. तिकडे काय झालं ते त्यानं एकदाच सांगितलं. फार सांगितलं नाही. "छिंदवाड्याकडचा एक पोट्टा होता बाजूले," तो म्हणाला, "त्याचं डोकं दाबाले माहा हात उशिरा गेला." तेव्हा रेणू पोटात होती आणि हर्षा तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "मंग?" तो म्हणाला, "मंग काय. मंग झालं." तांदळात खडे बरेच होते, ते तिनं सगळे काढले.

पेन्शन घेऊन तो दोन हजार दहाला घरी आला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता संपलं. सासऱ्यांना, बिसरामजींना, तर मुलगा परत मिळाल्याचा इतका आनंद झाला की त्यांनी धानाच्या पाच बांध्या त्याच्या नावानं वेगळ्या राखल्या. रोवणी त्यानं चांगली केली. चिखलात दिवसभर वाकून राहायचं, पाऊस अंगावर घ्यायचा, संध्याकाळी हातपाय ठणकले की थोडी झोप लागायची. आषाढ-श्रावणातला तो काळ हर्षाच्या अख्ख्या संसारातला बरा म्हणावा असा. मग धान निसवला, दाणा दुधात आला, आणि रानडुकरं यायला लागली. डुकरांचा कळप एकदा बांधीत घुसला की वर्षाची मेहनत तुडवून जातो, म्हणून दिवस मावळला की गावाच्या चारी बाजूंनी लोक फटाके फोडायचे. सुतळी बांधलेले, मोठे. इकडून एक, तिकडून एक. कधी दोन मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानं, काही नेम नाही. नेम असता तर बरं झालं असतं, योगराज म्हणायचा. रोजचं असतं तर माणूस तयार राहतो. हे पिकाची राखण करायचं काम होतं, गावात पोरंसोरंही करायची, आणि तो प्रत्येक आवाजाला घराच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसायचा.

आणि मग ती संध्याकाळ. सासरे त्याला बांधीवर घेऊन गेले होते राखणीला. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून केवलरामनं फटाका फोडला आणि योगराज तिथंच बांधीच्या पाण्यात पालथा पडला, धानाच्या बुडाशी तोंड घालून, दोन्ही हात डोक्यावर. बिसरामजींनी पाहिलं, हाका मारल्या, तो उठेना. त्यांनी त्याला बगलेत हात घालून ओढलं तर त्याचे पाय थरथरत होते आणि दात वाजत होते. इकडच्या माणसाला असा पडलेला माणूस दिसला की एकच गोष्ट सुचते. घरोघरी मोहाची दारू मिळते, बांधीत पडलेले लोक दर आठवड्याला कुणी ना कुणी उचलून आणतं. बिसरामजींनी त्याला उभं केलं आणि पस्तीस वर्षांच्या पोराच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. "पेलास?" त्यांनी विचारलं. योगराजनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो बाबा. पेलो." घरी आल्यावर त्यानं हर्षाला सगळं सांगितलं, आणि झोपलेल्या रेणूच्या डोक्यावर तिचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. फौजेतून आलेला माणूस डुकराच्या फटाक्याले भेते, हे गावात जाता कामा नये. दारुडा म्हटलं तर चालेल. दारुडे गावात पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे कुणी दोनदा बघत नाही.

दिवाळीच्या आधी त्यांनी गोंदियात खोली घेतली. गावानं ठरवलं की सुनेला शेणामातीचा कंटाळा आला, तिनं नवऱ्याला ओढून नेलं, आणि शहरात नेऊन दारूच्या हवाली केलं. सासरे तसं कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी हर्षाला नावानं हाक मारली नाही, नुसतं 'बाई' म्हणत, तेही दुसरीकडे बघून. तिनं ते घेतलं. आपण फार सहनशील आहोत म्हणून नव्हे. बोलायला लागायची ताकदच नसायची. शहरात आवाज जास्त, पण एकसारखे, रेल्वेचे, गिरण्यांचे, ते त्याला चालायचे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो दुपारचीच पॅसेंजर पकडायचा, डोंगरगडपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. गाडीच्या खडखडाटात फटाके ऐकू येत नाहीत, हे त्यानं स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. रेणू विचारायची, बाबा दिवाळीला कुठं जातात. हर्षा सांगायची, ड्युटीवर. नागपूरच्या एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या त्यानं पंधरा दिवस खाल्ल्या आणि सोडल्या. गोळीनं झोप येते, पण मग स्वप्नातून उठता येत नाही, असं तो म्हणाला.

तो गेला ती जानेवारीतली सकाळ हर्षा कधी आठवत नाही, म्हणजे ती आठवावी लागत नाही, ती तिथंच असते. ती उठली तेव्हा तो दाराशी झोपलेला होता. कुशीवर, गुडघे जवळ घेऊन, चेहरा इतका मोकळा की तिला दंडारीतला तो पोरगा एकदम दिसला, कधी न पाहिलेला. तिला वाटलं, लागली. शेवटी लागली झोप. तिनं रेणूला खुणेनं उठवलं, ओठांवर बोट ठेवून. चहा केला तो भांड्यावर झाकण न ठेवता. रेणूला बुटांशिवाय, बूट हातात देऊन, त्याच्या पायांवरून अलगद ओलांडून शाळेत पाठवलं. कुकर लावला नाही, मशीन लावलं नाही. शेजारणीचं पोर रडायला लागलं तर तिच्याकडे जाऊन म्हणाली, जरा आत घेऊन जा ना, आमच्याकडे झोपले आहेत. आणि मग ती खोलीच्या कोपऱ्यात बसून हातशिलाई करत राहिली, आणि तिला सुख वाटत होतं. ते सुख तिला अजून आठवतं आणि अजून त्याचं काय करावं कळत नाही. ऊन त्याच्या तोंडावर आलं, तरी तो हलला नाही, तेव्हा तिनं पायाच्या बाजूनं, लांबून, त्याचं नाव घेतलं. डॉक्टरनं हृदय बंद पडलं असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. गावी नेल्यावर सासऱ्यांनी त्याला खाटेवर ठेवला, न्हाऊ घातला, आणि स्मशानातून परतताना लोक हळू आवाजात म्हणत होते, पिऊन पिऊन गेला बिचारा.

शटर पडलं त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, हर्षानं वड्यांचे उडीद भिजत घातले. काही ठरवलं असं तिला जाणवलं नाही, डबा काढला, उडीद धुतले, पाणी घातलं. सकाळी पाणी निथळून तोच डबा पिशवीत घालून ती आमगावच्या गाडीत बसली. देवानंदला फोन केला नाही. डब्यातून थोडं पाणी गळत होतं आणि मांडीवर थंड ओल पसरत होती, पण डबा खाली ठेवावा असं वाटेना. खिडकीबाहेर धान निसवलेला होता. आमगावला उतरून ऑटो, मग अर्धा कोस पायी, आणि चालताना ती सासऱ्यांशी करायचं बोलणं मनात म्हणून पाहत होती. पहिलं वाक्य जमायचं, दुसरं जमायचं नाही. परत फिरावं असं तिला तीन-चारदा वाटलं. पण परत फिरायलाही तेवढंच चालावं लागलं असतं.

बिसरामजी अंगणात दोर वळत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाठ वाकलेली, हात अजून मजबूत. त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "आज काऊन आली बाई? देवा तं म्हने अमावस्येले येते." हर्षानं पाया पडून पिशवी खाली ठेवली. "आज चौदस हाय, मामाजी," ती म्हणाली. "त्यायची आज करावाची हाय." दोर वळणारे हात थांबले. त्यांना लगेच कळलं होतं.

"चौदस कोनाची असते, मालूम हाय ना तुले?"

"हाय."

"फाशीवाल्याची असते. जहरवाल्याची असते. दारूनं मेला म्हनतेत लोक, तेवढं पुरे हाय मले. आता जहर बी खाल्लं म्हनाले लावतेस का? रेणूले पाहाले पावने येतीन उद्या, ते काय म्हनतीन?"

"हत्यारानं मेले त्यायची बी असते, मामाजी. लढाईत मेले त्यायची असते."

"कोनतं हत्यार लागलं त्याले?" आता ते तिच्याकडे बघत होते, कितीतरी वर्षांनी. "मी सोता न्हाऊ घातलो त्याले. मी पायलो. अंगावर खरोच बी नव्हती."

खरंच नव्हती. तिनंही पाहिलं होतं ते अंग, त्यांच्यापेक्षा जास्त पाहिलं होतं. दारात सासू, सुमित्राबाई, येऊन उभी राहिली होती. हर्षाला वाटलं, झालं, आता बरं म्हणावं, उद्या सगळ्यांबरोबर एक वडा त्याच्याही नावानं टाकावा आणि रविवारच्या गाडीनं परत जावं, सोमवारी साड्या द्यायच्या आहेत. तिच्या अंगात खरोखरच तेवढाच जोर उरला होता. शपथ होती ती रेणूच्या डोक्यावरची. पण रेणू आता वीस वर्षांची होती आणि शपथ घ्यायला लावणारा माणूस या अंगणात दारुडा म्हणून उरला होता. हर्षाला वाटलं की त्याची लाज तिनं पुरेशी राखली. आता त्याला राखावं.

"ते पेले नव्हते, मामाजी," ती म्हणाली.

"कवा?"

"कवाच नाई. त्या दिवशी बी नाई, बांधीत पडले होते तवा."

"सोता म्हने, हो बाबा पेलो. माह्यासमोर म्हने."

"लाज वाटली त्यायले. फटाका वाजला अना ते खाली पडले. तिकडे पडत होते तसे. फौजी मानूस डुकराच्या फटाक्याले भेते म्हनल्यापेक्षा पेलो म्हनले ते. मले रेणूची शपथ घालून ठेवली. म्हनून गोंदियाले गेलो आम्ही. फटाके नाई पायजे म्हनून. पंधरा वर्सं झोपले नाई ते मानूस. मी जागीच होतो त्यायच्यासंग, मी पायलो ना. तिकडचं संपलंच नव्हतं त्यायचं, रोजच चालू होतं. त्यातच गेले."

एवढं सलग ती या घरात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. तिनं तेवढंच विचारलं, कारण ते विचारायचं राहिलं होतं, "उचललं तवा वास आला होता का, मामाजी? दारूचा?"

बिसरामजींनी हातातला दोर खाली ठेवला. "मी वास घेतलोच नाई," ते म्हणाले. "हानलो." मग ते उठले, आढ्याला खोचलेला विळा काढला आणि मागच्या दारानं निघून गेले. हर्षा अंगणात तशीच उभी. सासू जवळ आली, तिनं पिशवीतला डबा काढला, झाकण उघडून उडीद बोटांनी चाचपले. "भिजले चांगले," ती म्हणाली. आणि मग, उडदांकडेच बघत, "मले मालूम होतं तो पेत नव्हता. मायले वास समजत नाई का? पर तोच हो म्हने, तं मी कायले बोलू." दोघी पाट्याशी बसल्या. एकीनं वाटायचं, दुसरीनं पाणी घालायचं. हर्षाला सासूचा राग यायला हवा होता, पण सासूही तिच्यासारखीच गप्प बसून थकली होती, आणि थकलेल्या माणसानं थकलेल्या माणसावर काय रागवावं. सासरे आले नाहीत. वडे कुणी करणार असतील तर कुणासाठी, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

ते आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंग ओलं होतं, तळ्यात बुडी मारून आले असावेत. हातात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची जुडी होती, मोठी पानं, देठ कापलेले. ती त्यांनी हर्षाच्या समोर ठेवली. "वड्या कर, हर्षा," ते म्हणाले. "त्याले आवडत होत्या." आणि अंगण सारवायला शेण कालवू लागले. सुमित्राबाई म्हणाली, द्या, मी सारवतो, तर त्यांनी ऐकलं नाही, गुडघ्यांवर बसून स्वतः हातभर जागा सारवली. गोवरीचा निखारा ठेवला. त्याच्यावर वडा, खीर, वडी, वर तूप, धूर निघाला. असं निखाऱ्यावर आणि मग घरावर अन्न टाकण्याला इकडे कागूर म्हणतात. कागूर टाकताना नाव मोठ्यानं घ्यायचं असतं, ज्याचं आहे त्याला ऐकू जावं म्हणून. षष्ठीला ते नाव घेत असत ते तोंडातल्या तोंडात, हर्षाला दरवर्षी वाटायचं की त्यांचा घसा बसला आहे.

"योगराज," त्यांनी हाक मारली. त्यांनी खाकरून पुन्हा मारली, "योगराज!"

कुडाच्या पलीकडून केवलरामचं डोकं वर आलं. शेजारच्या धुऱ्यावरचा तोच, आता म्हातारा. "आज गा, बिसराम भाऊ?" तो म्हणाला. "आज तं घातवाल्यायची चौदस हाय. योगराजची सष्टी असते ना?" त्याच्या आवाजात कुजकेपणा नव्हता, नुसती चौकशी होती. हीच चौकशी आता घरोघर जाणार होती. सासऱ्यांच्या हातात घास होता.

"लढाईत मेला माहा पोट्टा," ते म्हणाले.

"लढाईत? घरी मेला ना गा तो. खाटेवर होता, आम्हीच तं उचललो."

"खाटेवर होता. पर लागलं होतं तिकडेच. मराले पंधरा वर्सं लागले त्याले, आन मले दिसलं नाई." मग ते कुडाकडे पाठ करून छपराच्या कवेलूंकडे वळले, घास वर टाकला आणि "योगराज, ये रे बाबू, जेवाले ये," अशी तिसरी हाक त्यांनी इतक्या मोठ्यानं मारली की गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली.